पहिला नग तपासल्याशिवाय

नाशिकच्या एका दैनिकात मी बावीस वर्षे उपसंपादक होतो. त्या काळातल्या चुकांपैकी एक इथे सांगणे भाग आहे, कारण पुढची मोठी चूक तिचीच दुसरी आवृत्ती होती.

हरसूल, पेठ, सुरगाण्याकडे जाणारी आमची डाक आवृत्ती संध्याकाळी सातला छपाईला सुटायची. शहरातले कार्यक्रम सुरू व्हायचे तेही सातला. यावर रूढ तोडगा असा होता की निमंत्रणपत्रिका आणि आयोजकांचे पत्रक समोर घ्यायचे आणि कार्यक्रम झाला असे धरून बातमी लिहून टाकायची. मान्यवर उपस्थित होते, प्रास्ताविक झाले, आभार मानले, कार्यक्रम उत्साहात संपन्न. एका वाचनालयाच्या सभागृहाचे उद्घाटन मी असेच दुपारी साडेचारला, चहा पिता पिता उरकले. मुंबईहून येणारे पाहुणे कसारा घाटात अडकले आणि समारंभ रद्द झाला. शहर आवृत्तीत तो रद्द झाला, हरसूलला मात्र टाळ्यांच्या कडकडाटात पार पडला. आठवड्याने तिथल्या एका शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. ‘समारंभ रद्द झाल्याचे नातेवाइकांकडून कळले. तरीही पाहुण्यांचे भाषण प्रभावी झाले याबद्दल अभिनंदन.’

पुढे दैनिकाने नाशिकचे संपादकीय टेबल दुसऱ्या शहरात हलवले आणि मी कॉलेज रोडवरच्या एका व्हिडिओ गेमच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलो. दुकान मोईनभाईंचे. ते आमच्या दैनिकात छोट्या जाहिराती देत आणि मी त्यांचा मजकूर नीट करून देत असे, एवढीच ओळख. ते म्हणाले, “सर, गेमचं मी बघतो. तुम्ही बोलायचं आणि बोर्ड लिहायचा. गिऱ्हाईक वाचतं हो.” बाहेर एक फळा होता. त्यावर रोज दोन ओळी लिहायच्या. मला मथळे करता येत होते. गेम खेळता येत नव्हते, अजूनही धड येत नाहीत.

हा धंदा काय असतो, ते बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मोठा गेम तयार व्हायला चार-पाच वर्षे लागतात. तो बाजारात येण्याआधी वर्षभर त्याची जाहिरात येते. मग आगाऊ नोंदणी सुरू होते. गिऱ्हाइकाने गेम न पाहता नाव नोंदवायचे आणि पैसे भरायचे. बदल्यात काहीतरी भेट मिळते, म्हणजे टोपी, किल्लीला लावायची साखळी किंवा खेळातल्या घोड्याला सोनेरी खोगीर. पूर्वी या नोंदणीला अर्थ होता. डिस्क कमी यायच्या, उशिरा गेलात तर संपलेल्या असायच्या. आता गेम इंटरनेटवरून कितीही जणांना, कितीही वेळा उतरवून घेता येतो. तो संपत नाही. संपत नसलेली वस्तू राखून ठेवण्यासाठी लोक रांग लावतात, असा हा व्यवहार आहे.

कंपनीच्या बाजूने मात्र त्याला अर्थ आहे. गेम कसा आहे हे कळण्याआधी किती लोक तो घेणार, हे तिला नोंदणीतून समजते. तो आकडा पुरेसा झाला की तपासणी उरली तरी तारीख पुढे ढकलण्याची गरज वाटत नाही. अर्धवट गेम बाजारात येतो आणि उरलेला भाग ‘दुरुस्ती’ या नावाने पुढचे सहा महिने इंटरनेटवरून येत राहतो.

याचा पहिला धडा इगतपुरीच्या एका गृहस्थांनी दिला. रेल्वेत सिग्नल खात्यात होते. त्यांनी नोंदणी केलेली डिस्क नेली आणि चौथ्या दिवशी भर पावसात, प्लॅस्टिकच्या पोत्यात गुंडाळलेले गेमचे यंत्र घेऊन ते दुकानात हजर झाले. डिस्क घातल्यावर यंत्राने आधी प्रचंड मोठी दुरुस्ती उतरवून घ्यायला सांगितले होते आणि इगतपुरीच्या पावसाळ्यात त्यांचे इंटरनेट दिवसातून दोनदा दर्शन देऊन जात होते.

“म्हणजे गेम डिस्कमध्ये नाही?” त्यांनी विचारले.

“थोडा आहे,” मोईनभाई म्हणाले.

“मग मी विकत काय घेतलं?”

मोईनभाईंनी माझ्याकडे पाहिले. बोलण्याचे काम माझे होते. मी म्हणालो, “पावती.”

ते रागावले नाहीत. आमच्या इंटरनेटवर दुरुस्ती उतरवायला सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत बसून राहिले. मधे त्यांनी डबा खाल्ला, मला लोणचे दिले आणि जाताना म्हणाले, “सिग्नल पडल्याशिवाय आम्ही गाडी सोडत नाही. तुमच्याकडं गाडी आधी सोडतात आणि रूळ मागून टाकतात.”

दुसरा धडा पिंपळगावच्या एका द्राक्ष बागायतदारांनी दिला. मुलाच्या हट्टाखातर नोंदणी करायला आले होते. मी भेटवस्तूंची यादी वाचून दाखवली. ते शांतपणे म्हणाले, “आमच्या बागेत व्यापारी येतो ना, तो चार घड तोडतो, मशीनवर साखर मोजतो, मग तोंड उघडतो. तुमच्या मालाची साखर कोण मोजतं?” मी सांगितले की माल अजून तयार नाही. ते मुलाला म्हणाले, “चल रं. वेलीला फूल नाही अन् हे पेटी बांधायला बसलेत.”

हे दोन्ही प्रसंग मी मित्रांना रंगवून सांगत असे. त्यातून शिकलो मात्र काही नाही.

आता देवरेंबद्दल. पंडितराव देवरे मूळचे सटाण्याकडचे. अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षे तपासनीस होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. तपासनिसाचे काम त्यांनीच मला समजावले. यंत्रावर नव्या भागाचे काम लागले की पहिला नग काढून तपासनिसाकडे आणतात. तो मापे घेतो आणि सही करतो. त्या सहीशिवाय दुसरा नग काढायचा नाही, मग मालक स्वतः डोक्यावर उभा असला तरी. नग नापास झाला तर त्याला लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर भागाचे नाव, दोष, किती नग आणि सही. देवरेंनी निवृत्त होताना कारखान्यातून फक्त दोन वस्तू आणल्या होत्या. एक निरोपाचे घड्याळ, दुसरी न वापरलेल्या लाल चिठ्ठ्यांची गड्डी. घड्याळ बंद पडले होते. त्याला त्यांनी पहिली चिठ्ठी बांधली होती.

असा माणूस नोकरीत असतानाच गेमच्या दुकानात येऊ लागला तो मुलीमुळे. मृणाल आठवीत असताना तिचा पाय मोडला आणि ती दीड महिना घरात होती. तेव्हा बापलेकीने मिळून एक गेम खेळायला घेतला. मूळ नाव देत नाही, आपण त्याला ‘दोरी’ म्हणू. दोन गिर्यारोहक एका दोरीने बांधलेले. एक चढतो, दुसरा दोरी धरतो. एकाच टीव्हीसमोर दोघांनी शेजारी बसून खेळायचा. इंटरनेटवरून, लांबून, तो खेळता येत नाही. पुढची दहा वर्षे ती दोघे तो गेम पुनःपुन्हा खेळत राहिली. दोरी कोणी धरायची यावर त्यांची भांडणे आमच्या काउंटरपर्यंत येत. मृणाल परिचारिका झाली, तिने जर्मन भाषा शिकली आणि तिला तिकडच्या रुग्णालयात नोकरी मिळाली.

त्याच सुमारास ‘दोरी-२’ जाहीर झाला. बाजारात येण्याची तारीख मृणालच्या विमानाच्या बरोबर दहा दिवस आधीची होती.

मी फळ्यावर लिहिले: ‘दोरी-२ येतोय. दोघांनी बसा, दोघांनी चढा. आजच नाव नोंदवा.’

देवरे फळा वाचून आत आले. नोंदणी करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी दोनदा विचारले, “दोघांचा आहे ना? नक्की?” मी दोनदा हो म्हणालो. ते म्हणाले, “सर, मी आयुष्यात न बघता सही केलेली नाही. पण पोरीचे दहाच दिवस आहेत. ह्यावेळी तुमच्या सहीवर चालतो.” त्यांनी नोंदणीच्या वहीतला रकाना भरला. भेट म्हणून त्यांना एक वीतभर खरी दोरी आणि तिला लावलेला धातूचा हुक मिळाला. हुक त्यांनी दोन बोटांनी वाकवून पाहिला. तो वाकला.

“हा आमच्याकडे गेटवरूनच परत गेला असता,” ते म्हणाले. तरी खिशात ठेवला.

गेम आला. देवरे पहिल्या सकाळी घेऊन गेले आणि दुसऱ्या सकाळी परत आले. हातात खोके होते आणि भिंग. त्यांनी खोके उलटे केले आणि मागच्या बाजूची सर्वांत खालची ओळ भिंगाखाली धरून माझ्यासमोर सरकवली. ओळीचा अर्थ असा होता की दोघांनी खेळण्याची सोय पुढे कधीतरी दुरुस्तीद्वारे दिली जाईल.

“हे वाचलं होतं?”

“नाही. खोकं परवाच आलं.”

“मग बोर्ड काय बघून लिहिला?”

“कंपनीचं पत्रक.”

त्यांनी भिंग पुसले. “पत्रक बघून,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते.

मोईनभाई पुढे आले. “देवरेसाहेब, पैसे परत घ्या. कंपनी नाही देणार, मी देतो. बात खतम.”

“पैसे नको हो. मला दोघांचा खेळ पाहिजे. नऊ दिवस राहिलेत. दुरुस्ती कधी येणार, ते विचारा.”

मी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिले. बावीस वर्षांत मंत्र्यांनाही इतक्या आर्जवाने लिहिले नव्हते. तासाभरात उत्तर आले. आपली उत्सुकता आमच्यासाठी मोलाची आहे, असे त्यात होते. मी ते देवरेंना वाचून दाखवले नाही.

पुढचे तीन दिवस ते फिरकले नाहीत. मी फळा कोरा ठेवला. मोईनभाई म्हणाले, “सर, काहीतरी लिहा, दुकान बंद पडल्यासारखं दिसतंय.” मी ‘दुकान उघडे आहे’ असे लिहिले. निदान तेवढे मी स्वतः पाहिलेले होते.

चौथ्या दिवशी मृणाल आली. ती ओरडेल अशी माझी खात्री होती आणि तेच योग्य झाले असते. तिने पर्समधून लाल चिठ्ठ्यांचा जुडगा काढून काउंटरवर ठेवला. तो भेट मिळालेल्या दोरीने बांधलेला होता.

“काका, पप्पांनी दिलंय. तेवीस झाल्यात. तुमच्याकडं एक प्रत पाहिजे म्हणाले.”

चिठ्ठ्या देवरेंच्या ठाशीव अक्षरात होत्या.

‘भाग: याक. दोष: जमिनीला टेकत नाही. नग: सर्व.’

‘भाग: पुजारी. दोष: टोपी आहे, डोके नाही. नग: १.’

‘भाग: सूर्य. दोष: दरीत पडला. पुन्हा वर आला नाही. नग: उपलब्ध तेवढे सर्व.’

‘भाग: शिखर. दोष: पोचल्यावर पायथा येतो.’

“खेळतं कोण?” मी विचारले.

“मी. पप्पा लिहितात. एकट्याचाच चालतो ना, मग मी खेळते आणि ते शेजारी गड्डी घेऊन बसतात. काल याक जो वर गेला, काका, पप्पा हसून हसून सोफ्यावरून खाली आले. मग डोळे पुसून म्हणतात, थांब, परत उडव, उंची लिहायची राहिली.” ती स्वतःही हसू लागली. “आई म्हणते, माझी पोरगी जर्मनीला चाललीये आणि हे दोघं याक मोजत बसलेत. आता तीसुद्धा बघायला येते. पुजाऱ्याचं डोकं तिनंच पकडलं. ते तिसऱ्या डोंगरावर आहे. एकटंच.”

जुडग्यातली सर्वांत खालची चिठ्ठी पहिल्या दिवसाची होती. तिचे अक्षर इतर चिठ्ठ्यांपेक्षा बारीक होते.

‘भाग: दोरी. दोष: दोन टोकांपैकी एकच पुरवले आहे.’

मृणाल ठरल्या दिवशी गेली. चिठ्ठ्या एक्केचाळीसवर थांबल्या. दोघांनी खेळण्याची दुरुस्ती आली ती सात आठवड्यांनी. मी देवरेंना फोन केला. ते म्हणाले, “आली का? बरं झालं,” आणि मग हवेबद्दल बोलले.

मोईनभाईंनी त्या चिठ्ठ्या फेकल्या नाहीत. त्यांनी त्या ‘दोरी-२’च्या खोक्यांना बांधून शेल्फवर ओळीने मांडल्या. “ज्याला घ्यायचा तो वाचून घेईल,” ते म्हणाले. विक्री थांबली नाही, हे नमूद केले पाहिजे. कॉलेजची पोरे उडणारा याक बघायलाच गेम नेऊ लागली. पण ती वाचून नेत होती.

मग वितरकाचा प्रतिनिधी आला. गळ्यात टाय आणि आवाज नम्र. देवरे योगायोगाने दुकानातच होते.

“सर, हे लाल काढून टाका ना.”

“मजकुरात चूक आहे का?” मी विचारले.

“चूक नाही सर. पण लाल आहे.”

“पिवळी लावू का?” देवरे म्हणाले. “पिवळी म्हणजे दुरुस्तीनंतर चालेल. याक-पुजाऱ्याच्या दुरुस्तीची तारीख सांगा, आत्ता लिहितो.”

“ती वरून ठरते, काका.”

“वरच्यांना फोन लावा.”

त्याने खरेच फोन लावला, बाहेर जाऊन. परत आला तेव्हा त्याच्याकडे तारीख नव्हती, पण तंबी होती. नोंदणीचा ठरलेला आकडा आला नाही तर यापुढे या दुकानाला पहिल्या दिवशी माल मिळणार नाही. आठ दिवस उशिरा मिळेल.

प्रतिनिधी गेल्यावर मोईनभाईंनी नोंदणीची वही चाळली. पहिल्या दिवसाची गर्दी हाच या धंद्याचा सण असतो, हे मला माहीत होते. शेवटी म्हणाले, “आठ दिवसांत काय होतं? पहिली दुरुस्ती येते. म्हणजे आपलं गिऱ्हाईक कच्चं खाणारच नाही. सर, लिहा बोर्ड.”

मी लिहिले: ‘पहिला नग तपासल्याशिवाय नोंदणी नाही.’ खाली देवरेंनी सही केली. तेव्हापासून दुकानाची ती रीत आहे. नवा गेम आला की पहिला नग दुकानातल्या टीव्हीवर लागतो. देवरे तासभर बसतात, कधी हिरवी चिठ्ठी बांधतात, बहुधा पिवळी, क्वचित लाल. मग विक्री. काही गिऱ्हाइके दुसऱ्या दुकानांत गेली. बरीचशी महिनाभराने चिठ्ठी वाचायला परत आली. बागायतदार आले, त्यांनी फळा वाचला आणि मुलाला म्हणाले, “आता बोल. इथं साखर मोजतात.”

लेख इथे संपवायला हरकत नव्हती. माझ्या जुन्या टेबलावर तो इथेच कापला गेला असता. पण गेल्या महिन्यात एक घटना घडली आणि ती दडपणे बरोबर नाही.

‘दोरी-३’ जाहीर झाला. डिसेंबरात येणार. जाहिरात आली त्याच दुपारी देवरे दुकानात आले. मोईनभाई मागे माल लावत होते. देवरेंनी आजूबाजूला पाहिले आणि काउंटरवर वाकले.

“सर, एक नोंदणी घ्या.”

मी बाहेरच्या फळ्याकडे बोट केले. त्यावर त्यांचीच सही होती.

“ते मला माहिती आहे हो. मृणाल डिसेंबरात येतेय. दोन आठवडे. मला पहिल्या दिवशीचाच पाहिजे. आठ दिवसांनी मिळून काय उपयोग? तोवर दुरुस्ती येते.”

“दुरुस्ती आलेली चांगलीच ना? ह्यावेळी पहिल्या दिवसापासून दोघांचा आहे म्हणतात.”

“म्हणतात,” देवरे म्हणाले. “पत्रकात.” ते जरा घुटमळले. “सर, दोरी-एक आम्ही दहा वर्षं खेळलो. चांगला होता. पण ती फोनवर कधी दोरी-एकचं बोलत नाही. याकचंच बोलते. परवा म्हणाली, पप्पा, तिसऱ्यातही काहीतरी उडलंच पाहिजे.”

“आणि नाही उडलं तर? गेम चांगला निघाला तर?”

असा विचार त्यांनी केलेला दिसत नव्हता. “एवढी घाई चाललीये त्यांची,” ते थोड्या आशेने म्हणाले. “नाही निघणार.”

मी नियम सांगितला. एका नोंदणीने वितरक पहिल्या दिवशी माल देणार नाही आणि सात गिऱ्हाइकांना नाही म्हटल्यावर आठव्याला हो म्हणता येत नाही, हेही सांगितले. त्यांनी ते मान्य केले, तपासनीस होते. मग खिशातून एक कागद काढून काउंटरवर ठेवला. “मग हे तरी ठेवून घ्या. माल येईल तेव्हा लावा.”

ती लाल चिठ्ठी होती. भागाच्या रकान्यात ‘दोरी-३’ लिहिलेले होते. दोषाचा रकाना कोरा होता, नगांचाही. तीस वर्षे न बघता कशावरही सही न केलेल्या माणसाने खाली सही मात्र आधीच करून आणली होती.

मी ती हातात धरून उभा राहिलो. हरसूलच्या शिक्षकांची आठवण झाली. डाक आवृत्तीच्या त्या टेबलावर हा माणूस सहज खपला असता. मागून मोईनभाईंनी विचारले, “काय झालं सर? कोण आहे?”

“देवरे आहेत,” मी म्हणालो. “कार्यक्रम उत्साहात संपन्न झाल्याचं सांगायला आलेत.”

आणि चिठ्ठी गल्ल्याच्या कप्प्यात ठेवून दिली.